झाकण अठराचं, मी सतराची

मंगळवार, पाच ऑगस्ट. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाची पाणी तपासायची प्रयोगशाळा, पहिला मजला, खिडकीजवळचं टेबल. टेबलावर सूक्ष्मदर्शक, शेजारी काचेच्या दोन चपट्या प्लेटा उघड्या, आणि त्यांची दोन झाकणं टिश्यू पेपरवर उताणी ठेवलेली. एका झाकणाच्या पाठीवर १७ लिहिलेलं, दुसऱ्याच्या पाठीवर १८. आकडे अर्थातच खाली, टिश्यूकडे. बाहेर पाऊस. अकरा दहाला लाईट गेली.

एवढं पक्कं आहे. पुढचं सांगताना माझाच गोंधळ होतो, पण सांगणार आहे, कारण दुसरं कुणी सांगायला तयार नाही.

बोलतेय ती जिवाणूंची एक वसाहत. त्या दोन प्लेटांपैकी एकीवर वाढलेली, साबुदाण्याच्या दाण्याहून थोडी मोठी. 'मी' म्हणावं की 'आम्ही', इथपासूनच माझी पंचाईत आहे. माझ्यात कोट्यवधी पेशी आहेत. सगळ्या एकाच पेशीपासून झाल्या, सगळ्या एकमेकींना चिकटून बसल्यात. पण मला तपासणारी क्रांती मला 'ही' म्हणाली, म्हणून मी एकटी. मला डोळे नाहीत, कान नाहीत. मग हे सगळं कळलं कसं, असं विचाराल. ते मलाही माहीत नाही. माझ्यासमोर जे बोललं गेलं तेवढंच सांगते, पदरचं काही घालत नाही.

माझा जन्म गगनबावड्याच्या बाजूला, मुलींच्या एका वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीत झाला. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नळीनं त्या टाकीत येतं. टाकीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर पडायची. ती पडली की आजूबाजूचे कितीतरी जण मरायचे. आम्ही काही जणी वाचायचो, कारण आमच्या अंगाभोवती एक चिकट पांघरूण असतं. पावडरीचा मारा वरच्या थरावर पडायचा, आतल्या सुखरूप राहायच्या. यात माझी काय हुशारी? मी काही ठरवून पांघरूण विणलं नाही. पण त्या पाण्यानं पोरींची पोटं बिघडायला लागली, हे खरं आहे.

तिथल्या गृहपाल प्रीतीताई. त्यांना शंका आली. त्यांनी त्रेचाळीस मुलींचं पाणी उकळायला सुरुवात केली आणि दोन ऑगस्टला, शनिवारी, एका बाटलीत टाकीचं पाणी भरून एसटीनं कोल्हापूरला आणून दिलं. त्या बाटलीत मी होते. म्हणजे माझी ती पहिली पेशी होती.

नमुना क्रमांक १७. त्याच्या मागोमाग कुरुंदवाडच्या भाऊसो नावाच्या गृहस्थांनी त्यांच्या विहिरीचं पाणी आणलं. पूर ओसरल्यावर गल्लीनं तपासून आणा म्हणून सांगितलं होतं. तो क्रमांक १८.

आमचं पाणी प्लेटेवर पसरलं. प्लेटेत खाली अगार असतं, खरवसासारखं थरथरतं, त्यात आमचं खाणं. मग आम्हाला उलटं करून गरम कपाटात ठेवलं. उलटं का, तर झाकणावर जमलेले पाण्याचे थेंब आमच्यावर पडू नयेत म्हणून. पहिल्या दिवशी एकीच्या दोघी, दोघींच्या चौघी. सोमवारपर्यंत मी डोळ्यांना दिसायला लागले होते.

सोमवारी दुपारी चार वीसला क्रांतीनं मला सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. क्रांती संशोधक विद्यार्थिनी आहे. जिवाणूंच्या वसाहतींचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो, हा तिचा विषय. दिवा तिनं वरून नाही, बाजूनं तिरका पाडला. तिरक्या उजेडात सपाट गोष्ट सपाट राहते, पण ज्याच्या अंगावर चढउतार आहेत त्याच्या सावल्या पडतात.

"मॅडम, ही बघा ना! काय सुंदर घड्या पडल्यात हिला!"

कालिंदी मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्या आल्या, डोळा लावला आणि म्हणाल्या, "सुंदर? ही ज्यांच्या पाण्यात आहे त्यांना जाऊन विचार."

तोवर मला माहीत नव्हतं की मला रूप आहे. माझ्या मधोमध एक खळगा आहे. खळग्यापासून कडेपर्यंत बारा घड्या गेल्यात, तव्यावर फुगून मग बसलेल्या भाकरीसारख्या. वरच्या बाजूची एक घडी मधेच फुटून दुभंगली आहे आणि तिच्या बेचक्यात एक बारीक टेकाड आहे. क्रांती स्वतःशीच बडबडत वहीत लिहीत होती, त्यातून मला माझंच कारण कळलं. मध्ये पेशी वाढत होत्या, कड अगाराला घट्ट धरून होती, पसरायला जागा नव्हती, म्हणून मी वर उचलले गेले आणि दुमडले. शिवाय खाली दबलेल्यांना हवा मिळत नाही. घड्या पडल्या की हवेला भिडणारं अंग वाढतं. म्हणजे गर्दी आणि घुसमट यांतून माझा चेहरा तयार झाला. मॅडम वर्गात सांगतात म्हणे, की दोन खडबडीत वसाहतींच्या घड्या कधीच सारख्या पडत नाहीत.

हे वाक्य लक्षात ठेवा. मॅडमचंच आहे.

क्रांतीनं माझा फोटो काढला आणि झाकणावरचा आकडा बघून कॉम्प्युटरमध्ये नाव दिलं, '१७, सोमवार'. मग शेजारच्या १८चा काढला. तिच्यावर दोनच वसाहती होत्या, गुळगुळीत, चकचकीत, निरुपद्रवी. हे फोटो तिच्या संशोधनासाठी होते. पाण्याचा अहवाल द्यायची मोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची होती. त्या आठवड्यात तिच्याकडे बावीस प्लेटा होत्या. हे मी तिच्या बाजूनं सांगतेय.

आता मूळ मुद्दा. प्लेटेचा आकडा झाकणावर का होता? प्रयोगशाळेचा नियम असा की आकडा बुडावर लिहायचा. बूड आणि आतला जीव कधी वेगळे होत नाहीत. पण महिन्यापूर्वी एका मासिकानं क्रांतीचा लेख परत पाठवला होता. फोटोंत बुडावरचा आकडा अगारातून आरपार दिसतोय, पृष्ठभाग नीट कळत नाही, असा शेरा होता. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "यापुढं झाकणावर लिही."

"पण मॅडम, नियम..."

"मी सांगतेय ना."

हे बोलणं मी ऐकलेलं नाही, तेव्हा मी जन्मलेही नव्हते. पण शालूबाईंनी त्याची इतक्यांदा उजळणी केली आहे की मला पाठ झालंय. शालूबाई काचसामान धुतात आणि वापरलेल्या प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये घालतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे माणसाच्या कमरेएवढा प्रेशर कुकर. त्या वीस वर्षं हे काम करतायत.

"झाकणावर नाव घालतंय का कोण?" त्या क्रांतीला म्हणायच्या. "लग्नात भांडी आली की पातेल्यावर नाव घालून घेतो का झाकणीवर? गल्लीत जेवणावळीला भांडी दिली की झाकण्या हिकडच्या तिकडं हुत्यात गं बाई. पातेलं घरी येतंय, कारण नाव पातेल्यावर असतंय."

"मावशी, ते भांड्यांचं झालं."

"मग हे काय हाय, देवघर?"

ज्या बाईला सगळं कळत होतं तिचं काम फक्त धुण्याचं होतं. मला याचा राग येतो. राग येण्याइतकी मी मोठी आहे का, ते मला माहीत नाही.

मंगळवार. मोजणीचा दिवस. दमट हवेनं झाकणांना आतून थेंब सुटले होते. क्रांतीनं १७ आणि १८ दोन्ही उघडल्या, झाकणं आतून कापसानं पुसली आणि वाळायला उताणी ठेवली. अकरा दहाला लाईट गेली. आभाळ असं भरलेलं की टेबलावरही अंधार झाला.

आतल्या खोलीतून मॅडम ओरडल्या, "प्लेटा उघड्या ठेवू नका! झाका आधी!"

हाही नियमच आहे. लाईट गेली की सगळं झाकायचं. क्रांतीनं झाकलं. एक झाकण इकडे, एक तिकडे. चार सेकंदांचं काम. माझ्या डोक्यावर जे झाकण बसलं ते अठराचं होतं.

बारा वाजता लाईट आली. बारा पाचला तिनं परत माझा फोटो काढला आणि नाव दिलं, '१८, मंगळवार'. मग झाकणांवरचे आकडे वाचून रजिस्टरमध्ये मोजणी लिहिली. बुधवारी सकाळी दोन अहवाल गेले. नमुना १७, गगनबावड्याचं वसतिगृह, पिण्यास योग्य. नमुना १८, कुरुंदवाडची विहीर, पिण्यास अयोग्य. खाली मॅडमची सही.

मी त्याच प्लेटेत होते, त्याच अगारावर, त्याच बारा घड्या घेऊन. फक्त मी आता कुरुंदवाडची झाले होते. कुरुंदवाड मी बघितलेलं नाही. मला वाटलं, आपलंच काही चुकत असेल. एवढी शिकलेली माणसं, शिक्का, सही. कदाचित मी खरंच विहिरीतली असेन आणि टाकी, झरा, पावडर हे सगळं मी मनानं रचलं असेल. दोन दिवस मी हा विचार करत होते.

बुधवारीच दुपारी प्रीतीताईंचा फोन आला. क्रांतीच्या हातांत हातमोजे होते म्हणून तिनं स्पीकर लावला.

"मॅडम, लई उपकार झालं बघा. दहा दिवस झालं, पाणी उकळून उकळून सैपाकाच्या मावशी कंटाळल्या हुत्या. हिकडं पाऊस उघडंना, सरपण ओलं, धुरानं पोरींचं डोळं लाल. आज सांजच्याला हंडा खाली उतरवतो."

"हो, उतरवा की," क्रांती हसून म्हणाली.

मी ओरडले असते. कशानं ओरडणार?

शुक्रवारी, आठ तारखेला, दुपारी साडेबाराला भाऊसो आले. साठीचा धिप्पाड माणूस, डोक्याला टोपी, हातात पाच लिटरचा पाण्याचा कॅन. म्हशींचा व्यापार करणारा.

"कुरुंदवाडनं आलोय. पावणं म्हणा न्हायतर चोर म्हणा, पर पयलं उत्तर द्या. विहिरीवर फळ्या टाकून गल्लीनं कुलूप घातलंय काल. हे पाणी त्याच्या आदी भरलेलं."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या पाण्यात धोकादायक जिवाणू सापडलेत. आम्ही काय करणार?"

भाऊसोंनी कॅनचं टोपण काढलं आणि उभ्या उभ्या घटाघटा पाणी प्यायले. धोतरावर सांडलं.

"अहो, पिऊ नका!"

"का? तुमीच लिवलंय न्हवं, अयोग्य? मग बघू द्या की अयोग्य म्हंजे काय हुतंय. तीनदा पूर शिरला त्या विहिरीत. दर टायमाला उपसून आमच्या आईनं गल्लीला पाणी पाजलं. आज गल्लीतली माणसं म्हणत्यात, भाऊसो इख पाजतोय. दावा मला त्यो जंतू. डोळ्यांनी बघितल्याबिगर मी हितनं हलत न्हाय."

क्रांतीनं त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. त्यांची समजूत घालावी, एवढाच तिचा हेतू होता. तिनं '१८, मंगळवार' उघडला. पडदाभर मी. बारा घड्या, मधला खळगा, वरची दुभंगलेली घडी.

"आयला," भाऊसो म्हणाले. "दिसतंय तर झ्याक की. आनी ह्याच्या आदल्या दिवशी कसं हुतं?"

तिनं '१८, सोमवार' उघडला. दोन गुळगुळीत ठिपके.

"ही न्हवं ती," भाऊसो म्हणाले.

"एका दिवसात वाढतात काका."

"वाढल, पर तोंड बदलंल व्हय? थांबा. त्यो शेजारचा काय हाय?"

शेजारी '१७, सोमवार' होता. क्रांतीचं बोट आधी थांबलं, मग तिनं तो उघडला. पडदाभर परत मी.

भाऊसो खुर्चीतून पुढे वाकले. "ही बघा, हितं हाय! म्हशीच्या कपाळावरची भोवरी एकदा बघितली की हजार म्हशींच्या बाजारात वळखतो मी. ही फुटलेली घडी, हे टेकाड. तीच म्हस हाय. दुसऱ्याच्या दावणीला बांधलीया, एवढंच."

"अहो, तो जिवाणू आहे, म्हैस नाही," मॅडम म्हणाल्या.

"म्हशीच्या तरी कानात बिल्ला असतोय मॅडम. तुमी बिल्ला कुठं अडकवलाय ह्याचा?"

शालूबाई नळ बंद करून दारात येऊन उभ्या राहिल्या. क्रांतीनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले आणि एकेक घडी बोटानं मोजली. मोजताना तिचे ओठ हलत होते. बारा. बारा.

"मॅडम, झाकणं. लाईट गेली होती तेव्हा."

मॅडम खाली बसल्या. मग म्हणाल्या, "दोन वसाहती सारख्या दिसू शकतात. घाई नको. दोन्हीकडचे नवीन नमुने मागवू, तपासू, मग काय ते कळवू."

"तुम्हीच शिकवलंत, सारख्या नसतात."

"क्रांती."

"नवे नमुने यायचे, लावायचे, तीन दिवस जातात मॅडम. तोवर तिथं पोरी तेच पितायत."

"दुसरा अहवाल माझ्या सहीनं जातो. तुझ्या नाही."

क्रांतीनं फोन उचलला आणि या वेळी हातमोजे नसतानाही स्पीकर लावला. एक वाजून पंधरा मिनिटं झाली होती.

"प्रीतीताई, टाकीचं पाणी बंद करा. आत्ता."

"कुठलं पाणी? रिपोर्ट तर चांगला आलाय की."

"रिपोर्ट चुकला. दुसऱ्याचा तुम्हाला लागला. मुलींना उकळल्याशिवाय एक थेंब देऊ नका."



"बुधवारी सांजच्याला हंडा उतरवला आमी," प्रीतीताई म्हणाल्या. "सहावीतली मैथिली पहाटंपासनं आजारी हाय. तालुक्याला दवाखान्यात नेलीया, सलाईन लावलंय. मी म्हटलं पाणी तर तपासून आणलंय, हिनंच बाहेरचं काय तरी खाल्लं असंल. लई रागं भरले हो मी पोरीला. ती म्हणत हुती, न्हाय ताई, मी काय खाल्लं न्हाय. आनी मी तिला खोटारडी म्हटलं."

फोन कधी बंद झाला ते कळलं नाही. भाऊसोंनी कॅनचं टोपण लावलं. जाताना ते क्रांतीला एवढंच म्हणाले, "माझ्या विहिरीचं नंतर बघू. पयलं त्या पोरीचं बघा."

मैथिलीच्या पोटात जे गेलं ते माझ्याच रक्ताचं. रक्त आम्हाला नसतं, पण दुसरा शब्द मला सापडत नाही. ती आजारी पडली त्याला मी कारण आहे. आणि ती खरं बोलत होती, याचा पुरावाही मीच आहे. मग मला काय म्हणायचं? गुन्हेगार असेन तर शिक्षा द्या. साक्षीदार असेन तर साक्ष घ्या. मला यातलं काहीच न करता फ्रिजमध्ये ठेवलंय.

ते असं झालं. त्याच दुपारी मॅडम शालूबाईंना म्हणाल्या, "ती प्लेट ऑटोक्लेव्हला टाका."

शालूबाईंनी मला उचललं आणि नष्ट करायच्या प्लेटांचं रजिस्टर काढलं. "नंबर सांगा मॅडम. लिवायला लागतोय."

"झाकणावर आहे ना?"

"झाकणावर अठरा हाय. अठरा लिवू?"

मॅडमनी आधी झाकण बघितलं, मग रजिस्टर.

"का सतरा लिवू?"

सतरा लिहिलं तर चूक कबूल. अठरा लिहिलं तर दुसऱ्यांदा खोटं, आणि तेही फोटो पाहिल्यावर. मॅडम म्हणाल्या, "राहू दे, नंतर सांगते." शालूबाईंनी मला फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं. दर शुक्रवारी त्या दार उघडून विचारतात, "मॅडम, हिचा नंबर?" आणि दार बंद करतात. आज तिसरा शुक्रवार. थंडीनं माझी वाढ थांबली आहे. अगार कडेनं सुकून सुटायला लागलंय, घड्या आवळल्यात. थोड्या दिवसांनी मीही माझ्या फोटोसारखी दिसणार नाही.

कुरुंदवाडच्या विहिरीवरचं कुलूप निघालं. ते भाऊसोंनी क्रांतीचे दोन फोटो गल्लीत दाखवून काढायला लावलं, प्रयोगशाळेच्या कुठल्याही कागदानं नाही. वसतिगृहात हंडा परत चुलीवर चढला. क्रांती आता आकडा बुडावर, अगदी कडेला, बारीक अक्षरात लिहिते. फोटोत दिसत नाही. इतकं सोपं होतं.

माझी दयेची याचना नाही. मी पोटात जाऊ नये, पाण्यात राहू नये, हे मला मान्य आहे. त्या कुकरमध्ये मला खुशाल घाला. पण सतरा म्हणून घाला. ज्या टाकीत जन्मले तिच्या नावानं मला मरू द्या. सहावीतल्या एका पोरीला खोटारडी म्हटलं गेलंय, आणि ती खोटारडी नव्हती हे लिहिलेली एकच जागा आहे. ती माझ्या पाठीवरच्या घड्यांत आहे.

सोमवारी, अठरा ऑगस्टला, वसतिगृहाकडून एक पत्र आलं. प्रीतीताईंनी लिहिलंय आणि खाली मैथिलीच्या वडिलांची सही आहे. मैथिली तोवर दवाखान्यातच होती. पत्रात एकच प्रश्न आहे: बुधवारी पिण्यास योग्य असलेलं पाणी शुक्रवारी अयोग्य कसं झालं, ते लेखी कळवावे.

पत्रावर आवक क्रमांक पडला आहे. उत्तर गेलेलं नाही.